सूर्य फुटत नसतो

मी तंबू शिवते. त्यामुळे तारांगणात कापडाचा सूर्य करायचं ठरलं, तेव्हा ताईने ते काम माझ्याच गळ्यात मारलं. ताई तिथली निवेदिका. बावीस वर्षं ती लोकांना आकाश समजावून सांगतेय. पण हल्ली कार्यकारिणीच्या डोक्यात रेकॉर्डिंगचं खूळ शिरलं होतं. एकदा आवाज भरून ठेवला की माणूस हवा कशाला? आज अकराच्या खेळाला अध्यक्ष स्वतः येणार होते, आणि ताई राहणार की जाणार ते खेळ बघून ठरवणार होते.

दहा वाजता मी ऐटीत ताईला दाखवलं. "हे बघ, शेवटी ही दोरी ओढायची. सूर्य धडाम!"

ताईने कपाळावर हात मारला. "अगं, तो काय फटाका आहे? आपला सूर्य फुटण्याइतका जड नाहीच. पोटातलं इंधन संपत आलं की तो फुगतो, लाल होतो, मग अंगावरचे थर हळूहळू सोडून देतो. उरतो एक छोटा, पांढरा, कढत गोळा."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस?"

मी सगळी शिवण उसवली, लाल कापडाचे थर कच्च्या टाक्यांवर अडकवले, मधे पांढरा दिवा बसवला. तासाभरात जीव मेटाकुटीला आला. त्या गडबडीत एकच राहिलं. स्फोटासाठी आणलेला दांडगा पंखा बदलायचा.

खेळ सुरू झाला. सूर्य फुगला. फुगतच राहिला. व्यासपीठावरून उतरून तो पहिल्या रांगेवर पसरला आणि अध्यक्ष कापडाखाली गडप झाले. मी पंख्यामागे धावले.

ताईचा आवाज मात्र जरासुद्धा हलला नाही. "पहिली रांग, अभिनंदन! तुम्ही बुध आणि शुक्र. पाचेक अब्ज वर्षांनी तुमचं हेच होणार आहे. दुसरी रांग, तुम्ही पृथ्वी. तुम्ही गिळले जाल की थोडक्यात वाचाल, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तोवर पाय वर घ्या."

सभागृह हसून हसून बेजार झालं. मी घाईघाईने टाके ओढले. थर एकेक करून सुटले, तरंगत बाजूला गेले आणि मधे एवढासा पांढरा दिवा राहिला.

कापडातून अध्यक्षांचं डोकं वर आलं. केस उभे, चष्मा वाकडा. "मग आता हा कधी विझणार?"

"इतक्यात नाही, साहेब. जाळायला काही उरलं नाही, तरी धग आहेच. अब्जावधी वर्षं निवत राहील."

"तोवर आम्ही इथेच बसायचं?"

"नाही हो, खेळ पाऊण तासाचाच आहे."

अध्यक्ष खो खो हसले आणि शेजारच्या चिटणिसांकडे वळले. "त्या रेकॉर्डिंगवाल्याला नको म्हणून कळवा. यंत्राने मला काय उत्तर दिलं असतं? बाई, तुम्हीच राहा. राहाल ना?"

मला तर रडूच फुटलं. ताई तोंड उघडून नुसती उभी. बावीस वर्षांत एका प्रश्नाला अडली नव्हती माझी बहीण.

शेवटी मीच पंख्यामागून ओरडले, "हो म्हणतेय ती!"