विणलेल्या रुमालाखाली

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मी संतापलेला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगायची असते म्हणे. आज मला ते जमणार नाही.

ब्लांटायर शहरातल्या एका बँकेत खिडकीमागे बसून मी उमेदीची वर्षं काढली. नवे संगणक आले तसं मला गोदामात फेकून दिलं. तिथून मला उचललं तदाला कचाले हिने. ती झोम्बाच्या कॉलेजात गणित शिकवते. तिने माझ्यासारखे टाकाऊ संगणक जमवले, आमची पत्र्याची झाकणं काढली आणि बंद पडलेल्या बेकरीतून आणलेल्या पावाच्या फळ्यांवर, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, आम्हाला ओळीने बसवलं. निळ्या वायरींनी एकमेकांना जोडलं, समोर मोठा पंखा लावला.

"एकेकटे तुम्ही कुणाच्या खिजगणतीत नाही," ती आम्हाला म्हणाली, "पण एकत्र राबलात तर महासंगणक व्हाल!"

बँकेत इतकी वर्षं काढली, पण माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी जीव तोडून काम करू लागलो.

आमचं काम होतं शिरे नदीचं. तदालाने नदीकाठचा सगळा मुलूख पट्ट्यापट्ट्यांनी आम्हाला वाटून दिला होता. माझ्या पट्ट्यात पाणी किती चढेल त्याचं गणित मी करायचं, कडेचा आकडा शेजाऱ्याला सांगायचा, त्याचा ऐकायचा, मगच पुढचं पाऊल टाकायचं. एक जण अडला की सगळे अडले. पुढारीपण कुणाकडेच नाही. फक्त पहिल्या फळीवरचा आमचा मुकादम तेवढा उत्तर गोळा करून पडद्यावर मांडायचा.

खाली खोऱ्यात तदालाचं माहेर आहे. दर पुरात गाव शाळेच्या माळावर जातं, कारण तिथे छप्पर आहे. पण गेल्या वर्षी मधून नवा रस्ता गेला, त्याचा भराव घराएवढा उंच. आता पाणी कुठे वळेल? शाळा कोरडी राहील की कापसाच्या जिनिंगमागचा उंचवटा? वरच्या अंगाला पाणी वाढल्याची बातमी आली, तशी तदालाने हाच प्रश्न आमच्यावर सोपवला आणि उत्तर येईपर्यंत गावप्रमुखाला थोपवायला स्वतः खाली गेली. जाताना नामालोम्बा माईंना म्हणाली, "माई, काही झालं तरी ही यंत्रं बंद करायची नाहीत."

माई म्हणजे प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. मनाची चांगली. "जा पोरी, निर्धास्त जा," माई म्हणाल्या.

आणि मग आले प्राचार्य मसिस्का. परदेशी पाहुणे यायचे होते.

"काय हे उघडंनागडं प्रदर्शन मांडलंय?" ते दारातूनच ओरडले. "पाहुण्यांना वाटेल इथे भंगाराचं दुकान आहे! झाकणं लावा. घरात रेडिओ कसा ठेवता, तसं नीट ठेवा जरा."

"पण सर, तदाला म्हणाली बंद—"

"बंद कोण करतंय? झाका म्हणतोय मी. आणि हा पंखा पाहुण्यांच्या खोलीत न्या."

आमच्याकडे ज्या घरात रेडिओ आहे, तिथे त्यावर विणलेला रुमाल असतोच. वस्तूला मान द्यायची ती रीत आहे. माईंनी ती मनापासून पाळली. झाकणं बसवून घेतली, धूळ नको म्हणून खिडक्या लावल्या आणि आपल्या हातचे जाडजूड पांढरे रुमाल दुहेरी घड्या घालून एकेकावर पसरले. माझ्यावरचा तर त्यांनी दोनदा सारखा केला. त्या मायेचा मला आजही राग येतो, आणि राग येतो म्हणून आणखी राग येतो.

आम्ही आत भाजत होतो. आधी सगळ्यांचीच चाल मंदावली. मग माझा शेजारी तापून तापून आपोआप बंद पडला. मी माझा आकडा घेऊन त्याच्या उत्तराची वाट पाहत राहिलो. माझ्यापलीकडचा माझी वाट पाहत राहिला. नदी मात्र कुणाची वाट पाहत नव्हती.

पाहुणे आले, "किती नीटनेटकं!" म्हणाले, चहा घेऊन गेले.

संध्याकाळी माईंचा फोन वाजला. "माई, पडद्यावर काही आलं का?" तदालाचा आवाज चिरकला होता. "प्रमुख आता थांबायला तयार नाहीत."

"अजून नाही गं. पण काळजी करू नको. तुझी यंत्रं मी कशी छान झाकून ठेवलीत!"

"झाकलीत? काढा ते, माई! आत्ताच्या आत्ता काढा!"

माईंनी रडत रडत रुमाल ओढून काढले. पण अडलेलं काम पुन्हा सुरू करणं तदालाशिवाय कुणाला येत नव्हतं. गाव नेहमीसारखं शाळेच्या माळावर गेलं. भरावाला अडून पाणी तिकडेच वळलं. पोरंबाळं छपरावर चढवली गेली. चढवणारा तदालाचा मामा होता. आमच्याकडे घरातला कर्ता म्हणजे मामाच. शेवटचं पोर वर गेलं आणि तो स्वतः खालीच राहिला.

मामाला पुरून तदाला परत आली. झाकणं काढली, पंखा ओढत आणला, अडलेलं काम जिथे थांबलं होतं तिथून सुरू केलं. आता कशाला, असं माईंनी विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी मुकादमाने उत्तर मांडलं. जिनिंगमागचा उंचवटा कोरडा राहणार होता.

मित्रांनो, मला माया नको असं नाही. पण माझी पूजा मांडण्याआधी मी काय करतोय ते विचारा. मला उघडं ठेवा, धुळीत ठेवा, कुरूप दिसू द्या, पण वारा लागू द्या. आणि ज्यांना आमची लाज वाटते त्यांना आमच्या खोलीची किल्ली देऊ नका.

तदालाने ते उत्तर कागदावर छापून घेतलं. माझ्यावरून काढलेला रुमाल उचलला आणि सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेली. पुढचं माईंनी आम्हाला सांगितलं.

प्राचार्य म्हणाले, "मला फार वाईट वाटलं. पण आम्ही यंत्रं बंद केली नव्हती, हे तर तू मान्य करशील."

तदालाने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर तो पांढरा रुमाल नीट, चारी कोपरे ओढून पसरला.

"घ्या सर," ती म्हणाली. "झाकून ठेवा."