उजव्या कोपऱ्यातलं पोळं

समोर स्टुलावर ती बिनझाकणाची काचेची बरणी दिसते ना? तिच्यात जे राखाडी, वाळकं काहीतरी पडलंय, तो मी. मी गांधीलमाश्यांचं पोळं बोलतोय. दचकू नका, आत आता कुणी नाही. माझ्या शंभरावर खोल्या रिकाम्या आहेत, आणि मला स्वतःला तर डंख कधी नव्हताच.

माझा जन्म थुंकीतून झाला. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं ते सांगतो. थंडी सरल्यावर एक राणीमाशी कुठल्याशा फटीतून एकटीच बाहेर आली. या घराच्या व्हरांड्यात एक जुना बाक आहे. त्या बाकाचं लाकूड तिने जबड्याने खरवडलं, थुंकीत चावून चावून त्याचा लगदा केला आणि व्हरांड्याच्या उजव्या कोपऱ्यात, बाकाच्या बरोबर वर, छताच्या वाशाला एक बारीक देठ चिकटवला. देठाखाली एक खोली बांधली, मग तिला लागून दुसरी. सहा बाजूंच्या, मापात बसणाऱ्या. पट्टी नाही, ओळंबा नाही, हाताखाली कुणी नाही.

बाकाला पूर्वी कधीतरी हिरवा रंग दिला होता. रंग तिला चाववत नसे, म्हणून जिथे तो उडून लाकूड उघडं पडलं होतं तिथलंच ती घ्यायची. बाकाच्या एका टोकाला तशी हातभर जागा होती. ती तशी का झाली हे मला पुढे कळलं. या घरातल्या आजी रोज संध्याकाळी तिथे बसायच्या, आणि त्यांच्या बसण्याने वीस-बावीस वर्षांत रंग झिजला होता. आजी गेल्याला दोन वर्षं झाली होती. मी त्यांच्या जागेच्या लाकडाचा बनलोय.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला आजोबा बसायचे. सगळे त्यांना फोटोवाले म्हणत. चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. निम्म्या गावाचे पासपोर्ट फोटो त्यांनीच काढलेले. स्टुडिओ बंद झाला तरी सवय सुटली नव्हती. फाटकाशी कुणी बोलत उभं राहिलं की ते म्हणायचे, "जरा उजेडाकडे तोंड करा." पेपर टाकणाऱ्याच्या कॉलरलाही त्यांनी एकदा हात घालून ती नीट केली होती. तो बिचारा सायकलवर बसल्या बसल्या मान ताठ करून थांबला.

माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं तेव्हा मी जेमतेम लिंबाएवढा होतो. ते बाकावर उभे राहून चष्मा वरखाली करत बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता झाडू येणार. ते खाली उतरले आणि हसून म्हणाले, "एकटीच आहेस होय?"

तेवढ्यावर मी वाचलो. मग पहिल्या मुली जन्मल्या, कामाला लागल्या, आणि मी वाढत गेलो. सकाळी ऊन व्हरांड्यात शिरलं की त्या एकेक करून बाहेर पडत, संध्याकाळी परतत. आजोबा चहा घेऊन बसत आणि त्यांना मोजत. मोजताना चुकायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. मधूनच त्यांच्याशी बोलायचे. आज उशीर केलात, असं. माझ्या मुली काही उत्तर द्यायच्या नाहीत, पण आजोबांना त्याची सवय होती. आजींच्या फोटोशीही ते असंच बोलायचे.

चूक त्यांच्या हातून आनंदाच्या भरात झाली. रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी कौतुकाने सांगितलं, आपल्याकडे पाहुण्या आल्यात, व्हरांड्यात पोळं झालंय. पलीकडून लेक "काय?" म्हणाली, ते मलाही ऐकू आलं.

त्यांना सहा वर्षांची नात आहे. घरात तिला बिट्टी म्हणतात. आदल्या वर्षी एका बागेत तिला गांधीलमाशी चावली होती. एकच. पण तेवढ्याने तिचा गळा सुजला, श्वास अडकला, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या वेळी याहून वाईट होईल. लेक म्हणाली, ते पोळं काढल्याशिवाय मी तिला घेऊन यायची नाही.

आजोबा म्हणाले, काढतो.

पुढच्या रविवारी लेकीने विचारलं, काढलं का? आजोबा म्हणाले, काढतो. असे सात रविवार गेले आणि मी नारळाएवढा झालो. मला तेव्हा बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मला वाटे, या माणसाला मी हवा आहे.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा लेकीने निर्वाणीचं सांगितलं. कोपरा रिकामा झाल्याचा फोटो पाठवा, मगच तिकिटं काढते. आजोबांनी त्याच दिवशी पोळं काढणाऱ्या माणसाला फोन लावला. तोंडावर जाळीची टोपी घालतो म्हणून त्याला सगळे जाळीवाला म्हणतात. जाळीवाल्याला शनिवार संध्याकाळच्या आधी सवड नव्हती. लेकीला यायचं होतं रविवारी. आजोबांनी मनाशी हिशेब जुळवला. शनिवारी पोळं जाणारच आहे, मग फोटो चार दिवस आधी गेला तर बिघडलं कुठे?

आणि त्यांनी ते केलं जे फक्त फोटोवालाच करू शकतो. सकाळच्या उन्हात व्हरांड्याच्या डाव्या कोपऱ्याचा फोटो काढला. तिथे काहीच नव्हतं. मग फोनवर बोट फिरवून तो आरशात दिसतो तसा उलटा केला. डावा कोपरा उजवा झाला, वाशासकट. मी डोक्यावर लटकत सगळं बघत होतो. इतक्या सफाईने मला आजवर कुणी नाहीसं केलं नव्हतं.

तिकिटं मिळाली, पण शनिवारची, आणि ते कळवायचं लेकीकडून राहून गेलं.

शनिवारी भर दुपारी फाटक वाजलं. आजोबा आत उशांचे अभ्रे बदलत होते. लेक रिक्षातून सामान उतरवत होती. बिट्टी धावत आली आणि थेट बाकावर चढून उड्या मारू लागली. बाकाची पाठ भिंतीवर आपटली, भिंतीचा हादरा वाशाला बसला आणि मी हललो.

माझ्या मुली बाहेर आल्या. माझ्या अंगावर सगळीकडे पसरून त्यांनी पंख उचलले. पंख उचलले म्हणजे शेवटची ताकीद. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, ती पोर आहे, जाऊ दे तिला. पण पोळ्याचं ऐकतंय कोण.

आजोबा दारात आले. एका नजरेत त्यांना सगळं दिसलं. ते ओरडले नाहीत. स्टुडिओतल्या जुन्या, सावकाश आवाजात म्हणाले, "बिट्टी, फोटो काढायचाय. अजिबात हलायचं नाही. श्वास धरून ठेव."

फोटोवाल्याचीच नात ती. होती तशी उभी राहिली. आजोबा एकेक पाऊल टाकत आले, हातातला अभ्रा तिच्या डोक्यावरून पांघरला आणि तिला पोटाशी धरून तसेच पावलापावलाने अंगणात नेलं. त्यांच्या मानेवर, कानामागे, हातावर मिळून सात डंख बसले. त्यांनी पाऊल वाढवलं नाही. बिट्टीला एकही चावली नाही.

लेकीने मुलीला नखशिखान्त तपासलं. मग वर बघितलं. मी तिथेच होतो.

"बाबा, मग तो फोटो कुठला?"

"डाव्या कोपऱ्याचा. उलटा करून पाठवला."

ती पायरीवर बसली. "मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "सकाळी आपल्याकडे ऊन उजवीकडून येतं. फोटोत डावीकडून आलं होतं. तुम्हीच शिकवलंय मला उजेड बघायला."

तिने बिट्टीला मागच्या खोलीत नेऊन दारं-खिडक्या लावल्या, आणि मग बर्फ आणून वडिलांच्या मानेवर धरला. शेवटी तिने एवढंच विचारलं की का.

आजोबा म्हणाले, "सकाळी बाहेर जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. कुणीतरी घरी परत येतंय, एवढं बघायला बरं वाटायचं."

लेक रडली. पण रडून झाल्यावर म्हणाली, यापुढे तुमच्या शब्दावर मी हिला इथे आणू शकत नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

जाळीवाला दिवस मावळताना आला. सगळ्याजणी घरी परतल्याशिवाय तो हात घालत नाही. लोक पेटता बोळा लावतात, पाण्याचा फवारा मारतात आणि मग माश्या घरभर होतात, असं तो टोपी बांधताना सांगत होता. त्याने जाड कापडाची पिशवी खालून अलगद वर आणली, मला आत घेतलं आणि देठापाशी नाडी आवळली. मग पातळ पात्याने देठ कापला. वाशावरचा डाग खरवडून तिथे साबणाचं पाणी आणि तेल फासलं, म्हणजे पुन्हा तिथे कुणी घर करणार नाही. पिशवी रात्रभर घरातल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात राहिली.

त्या थंडीचं मी फार सांगणार नाही. आधी सगळ्याजणी गुणगुणत होत्या. मग थोड्या. मग राणी एकटीच, जशी पहिल्या दिवशी होती. मग तीही नाही.

सकाळी पहिल्या गाडीने लेक आणि नात निघून गेल्या. पिशवी न्यायला आलेल्या जाळीवाल्याने मला झटकून रिकामं केलं आणि विचारलं, टाकून देऊ? आजोबांनी मला हातात घेतलं. माझ्या राखाडी कागदावरून बोट फिरवलं, मग बाकाच्या उघड्या टोकावर, जिथे खरवडल्याच्या बारीक रेघा होत्या. दोन्हीचा रंग एकच होता. ते म्हणाले, राहू दे.

तेव्हापासून मी या बरणीत आहे, एरवी खिडकीत. माझ्या मनात त्यांच्याविषयी राग नाही. मुलीच्या जिवापुढे पोळं काय चीज आहे. पण एवढ्या खोल्या असून एकाही खोलीत कुणी नसणं म्हणजे काय, ते मला कळतं, आणि या घराला कळतं.

त्यानंतर दर रविवारी आजोबा उजव्या कोपऱ्याचा फोटो पाठवू लागले. खराखुरा. खाली त्या दिवसाचा पेपर धरून, तारीख दिसेल असा. ऊन उजवीकडून. लेकीचं उत्तर एका शब्दाचं यायचं, "पाहिलं." ते तो शब्द दोनदा वाचायचे आणि फोन खिशात ठेवायचे. अकरा रविवार असेच गेले. बाराव्या रविवारी फोन वाजला तेव्हा ते माझ्याजवळच उभे होते. चष्मा शोधून त्यांनी मोठ्याने वाचलं.

"कोपरा पुरे झाला, बाबा. आता तुमचा फोटो पाठवा."

आजोबा गोंधळले. या घरात भिंतभर फोटो आहेत. आजींचे, लेकीचे, बिट्टीचे. त्यांचा एकही नाही. कसा असेल? कॅमेऱ्याच्या मागे तेच असायचे. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि इकडेतिकडे बघू लागले. फोन धरायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

मग त्यांनी मला बरणीसकट बाहेर नेलं, बाकासमोरच्या स्टुलावर ठेवलं आणि फोन माझ्या बरणीला टेकवून उभा केला. दहा सेकंदांची वेळ लावली आणि लगबगीने जाऊन बाकावर मधोमध बसले. लगेच उठले, सरकून आपल्या टोकाला बसले. रंग उडालेली जागा शेजारी मोकळी ठेवली.

"हनुवटी जरा खाली," ते स्वतःलाच म्हणाले. "श्वास धरा."

ज्या कुणाच्या अंगणात माझ्यासारखं पोळं असेल, त्यांनी ते जरूर काढावं, जाणत्या माणसाला बोलावून, दिवेलागणीला. मी त्याच्या आड येणार नाही. फक्त वर बघून झालं की एकदा खाली बाकावर कोण बसलंय तेही बघा.

फोटो चांगला आला, आजोबांनी तो लगेच पाठवला. त्यात मी नाही. लेकीचं उत्तर अजून आलेलं नाही. आजोबांनी फोन आत नेलेला नाही, तो पुन्हा माझ्या बरणीला टेकून उभा आहे, आणि ते समोर बाकावर तसेच बसलेत, हनुवटी जरा खाली.