गाठीचा उपास

"बोट पुढे कर."

"सकाळीच तर टोचलंत."

"सकाळचं सकाळी. कर पुढे."

बायकोनं चादरीखालून हात काढला. मिस्त्रींनी तिचं बोट चिमटीत धरलं, टोचलं, दाबून रक्ताचा थेंब आणला आणि मीटरच्या पट्टीला लावला. आकडा उमटला तशी त्यांची मुद्रा बदलली.

"काय खाल्लंस?"

"तुम्ही दिलंत तेच. अंडं, पाला आणि ते तेल."

"मग एवढी साखर कुठून आली रक्तात?"

"मला काय माहीत? त्या यंत्रालाच विचारा."

मिस्त्री दाराकडे वळले. तिथं लेक उभी होती, कडेवर बाळ. आईच्या आजारपणात हाताखाली कुणी हवं म्हणून ती तान्ही पोर घेऊन माहेरी आली होती.

"तू दिलंस काही हिला?"

"नाही बाबा."

"खरं सांग."

"अहो, तिला कशाला धरताय?" बायको म्हणाली. "मी बाळाची वाटी चाटली. केळं लागलं होतं कडेला." मग जरा थांबून, हसूनच, "बोटानं नाही हं, जिभेनं. आता सगळं सांगून टाकलेलं बरं."

लेकीला हसावं की रडावं कळेना. मिस्त्री मात्र हसले नाहीत. मीटर डबीत ठेवत ते हळू आवाजात म्हणाले, "कुणाला भरवलंस माहितेय? त्या गाठीला. तुझ्या हातानं."

मिस्त्रींचा सगळा जन्म जनरेटर आणि पंप दुरुस्त करण्यात गेला होता. आवाज ऐकून ते रोग सांगायचे, तेही इंजिनाला हात न लावता. पण बायकोच्या पोटात गाठ निघाली आणि त्यांची मती गुंग झाली. इस्पितळात डॉक्टर बोलायच्या, कागद दाखवायच्या, ते मान डोलवायचे आणि बाहेर येऊन लेकीला विचारायचे, "काय म्हणाल्या गं?" घरी आल्यावर नुसते खुर्चीत बसून राहायचे, हात मांडीवर उताणे टाकून.

मग एकदा मोबाईलवर त्यांना एक माणूस भेटला. तो सांगत होता, प्रत्येक पेशीत बारीक बारीक इंजिनं असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. कॅन्सरच्या पेशीत ही इंजिनं बिघडलेली असतात, म्हणून ती पेशी अधाशासारखी साखर ओढते. साखर तोडा, गाठ उपाशी मरेल. मिस्त्री ताठ बसले. ह्या आजारात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं. बिघडलेलं इंजिन इंधन जास्त पितं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. इंधनाचा नळ बंद करायचा, एवढंच तर काम.

त्याच दिवशी घरातला भात, पाव, बटाटे, फळं, साखर सगळं शेजारी गेलं. मिस्त्री अंडी उकडायला शिकले. पाला चिरायला शिकले. बायकोपुढे ताट ठेवून स्वतःही तेच घेऊन बसायचे. "मी खातोय ना? मग तुला काय होतंय?"

वाटीच्या प्रकारानंतर बाळाचं खाणं जिन्यात सुरू झालं. लेक पायरीवर बसून पोरीला भरवायची, आतून दार लावलेलं. भिंतीपलीकडे आईची खाट होती. चमचा वाजला की आई आतून विचारायची, "आज काय आहे गं बाळाला?" लेक मग चमचा वाटीला न लावता भरवायची. तरी आई आपली विचारायची.

"बाबा, ती खंगत चाललीय," लेक शेवटी म्हणाली.

"खंगतेय ती गाठ. गाडी हलकी होतेय, होऊ दे."

"तिचा हात बघा जरा."

"बघतोय मी. तुझ्यापेक्षा जास्त वर्षं बघतोय."

लेक आईकडे गेली. "तू सांग ना त्यांना. नाही म्हण. मी देते तुला काहीतरी गपचूप."

"वेडी आहेस का? लगेच पकडतील, बोट टोचून." आईनं उशीवर मान वळवली. "अगं, इतक्या वर्षांत माणूस पहिल्यांदा स्वयंपाकघरात आलाय. आता कुठं मीठ बरोबर पडायला लागलंय."

"थट्टा नको, आई."

"थट्टा नाही. मी नाही म्हटलं तर ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. त्यांना नुसतं बसता येत नाही गं. मला बघवत नाही ते." मग कुजबुजत, "पण भूक फार लागते. झोपेत दात खाते म्हणे मी."

केमोच्या औषधाची पुढची सलाईन ठरली होती त्या दिवशी मिस्त्रींनी धुतलेला शर्ट घातला. रिक्षात बायकोला खांद्याशी धरून बसले. आज डॉक्टरांना सांगायचं, आम्हीही घरी काही करतोय, असं त्यांच्या मनात होतं.

नर्सनं वजन केलं, काट्यावरून उतरवून पुन्हा चढवलं, मग डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मिस्त्रींचं सगळं ऐकून घेतलं, इंजिनाचंसुद्धा.

"काका, तुम्ही ऐकलंत ते सगळंच खोटं नाही," त्या म्हणाल्या. "गाठ साखर जास्त ओढते, हे खरं. त्यावर अभ्यासही चालू आहेत. पण ते आमच्या नजरेखाली करायचं असतं. बाहेरून साखर तोडली तरी शरीर आतल्या आत बनवत राहतं. खायला मिळालं नाही तर अंगावरचं मांस मोडून बनवतं. आणि गाठ आपला वाटा घेतेच."

"म्हणजे?"

"म्हणजे काकू उपाशी राहिल्या. गाठ नाही राहिली."

मिस्त्रींनी विचारलं, "मग आज औषध?"

"आज देता येणार नाही. पेलवणार नाही त्यांना. आधी खाऊ दे, अंगात जरा ताकद येऊ दे, मग बघू."

"आणि तोवर गाठ?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायको नर्सला म्हणत होती, "तुमचा काटा बिघडलाय बहुतेक. आमच्या ह्यांना दाखवा, लगेच नीट करून देतील."

"वाढतेय," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

घरी आल्यावर मिस्त्रींनी कुणाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. शेजारून तांदूळ मागून आणले, मऊ भात शिजवला. दूध घातलं, साखर घातली, ढवळलं, मग आणखी साखर घातली. बशीत घेऊन खाटेशी येऊन बसले.

"घे."

बायकोनं बशीकडे पाहिलं. वास घेतला. "चांगला झालाय. बाळाला द्या."

"बाळाला आहे. तू घे."

"नको वाटतंय हो."

"रुसलीस?"

"छे. तुमच्यावर रुसून राहणार कुठं मी?"

"मग? मी तोडलं म्हणून? मला बोल, शिव्या दे. पण खा."

"अहो, राग नाही. भूकच नाही राहिली. कालपर्यंत होती हो, आज नाही. तोंडात घातलं तर उलटून येईल."

"चमचाभर. माझ्यासाठी."

मिस्त्रींनी चमचा भरला, फुंकर घातली, कडेनं सांडू नये म्हणून खाली हात धरला आणि तिच्या ओठांपाशी नेला. तान्ह्या पोराला भरवताना कुणाचंही होतं तसं त्यांचं स्वतःचंच तोंड नकळत उघडलं.

लेक बाळाला घेऊन दारात आली, तेव्हाही ते तसंच उघडं होतं. आईचे ओठ मिटलेले होते.