घडीतली डबी

मित्रांनो, मी बाळंतिणीचं पोट बांधायची एक जुनी सुती पट्टी आहे. मुरूम गावच्या शांताक्कांच्या लाकडी पेटीत मी राहते. माझा रंग आता ओळखू येत नाही. पण एके काळी मी लाल काठाचं निळं लुगडं होते. शांताक्कांच्या आईनं मला नेसून नेसून मऊ केलं आणि लेकीच्या पहिल्या बाळंतपणात उभं फाडून माझी पट्टी केली.

तेव्हापासून गल्लीतल्या कितीतरी जणींच्या कमरेभोवती मी फिरले. मला कढत पाण्यात धूत, उन्हात वाळवत, ओव्याच्या धुरीवर धरत आणि शेक झाला की आवळून बांधत. एक रीत मात्र सगळ्या पाळत. पट्टी रिकामी परत करायची नाही. माझ्या घडीत कुणी खारीक ठेवी, कुणी डिंक, कुणी खोबऱ्याची वाटी. "हिच्यामुळं माझी कंबर राहिली," असं म्हणत बायका मला कुरवाळत. पुढं बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, दुकानात तयार पट्टे मिळू लागले आणि मी पेटीच्या तळाशी गेले.

शेवटी मी बांधलं ते शांताक्कांच्या सुनेचं, श्रीदेवीचं पोट. तिला जुळे झाले होते. मी होईल तेवढी घट्ट बसले. पण खरं सांगायचं तर पट्टी आधार देते, फाकलेले स्नायू सांधत नाही. मुलं शाळेत जाऊ लागली तरी श्रीदेवीचं पोट पुढंच राहिलं. घागर उचलली की कंबर धरायची. त्यात एका लग्नात शेजारच्या दगडाबाईंनी चारचौघींत विचारलं, "काय गं, परत पाळणा बांधायचा का?"

"व्हय मावशी, तुमचाच उसना न्यावा म्हणते!"

तिथं सगळ्या हसल्या. घरी येऊन हे अक्कांना सांगताना मात्र श्रीदेवी रडली. मी पेटीतून ऐकत होते.

मग पोटाच्या ऑपरेशनचं विचारायला ती नवऱ्याला, शिवपुत्राला घेऊन सोलापूरला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं; ती घरी येऊन बोलली, ते मी पेटीतून ऐकलं. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे. यात सैल कातडी काढतात, फाकलेले स्नायू शिवतात. ओटीपोटावर आडवा लांब व्रण राहतो, तो पुसट होतो पण जात नाही. अजून मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्यावं. नंतर दीडेक महिना जड उचलायचं नाही. श्रीदेवीला सगळं पटलं. "तंबाखू खाता का?" या प्रश्नावर तिनं ठासून सांगितलं, "छे, आमच्यात कुणी न्हाय खात."

ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या दिवशी शांताक्कांनी मला पेटीतून काढून धुतलं. इतक्या वर्षांनी ऊन लागलं, बरं वाटलं. रिकामी कशी पाठवायची म्हणून त्यांनी माझ्या घडीत सुनेला रोज लागणारी पत्र्याची डबी ठेवली.

दवाखान्यात शिवरंजनी सिस्टरनं मला हातात घेतलं. "आजी, हे नको. इथं मापाचा पट्टा असतो." तिनं घडी उलगडली आणि डबी फरशीवर खणखणली. तिनं ती उघडून पाहिली.

"मिश्री? कुणाची?"

"माझी. दात घासायला," श्रीदेवी म्हणाली.

"ताई, भाजलेली तंबाखूच आहे ना ही!"

"घासते ओ नुसती. खातंय कोण?"

डॉक्टरीणबाई आल्या. त्या रागावल्या नाहीत. तंबाखू लावली तरी रक्तात जाते, त्यानं कातडीला रक्त कमी पोचतं, ओढून शिवलेली जखम भरत नाही, कडा काळ्या पडून सडू शकतात, असं त्यांनी सांगितलं. मिश्री पूर्ण सोडा, काही आठवडे जाऊ द्या, मगच या, म्हणाल्या.

श्रीदेवीचे डोळे भरले. "गावात आता काय सांगू?"

"सांग, दात काळे म्हणून परत धाडलं," शिवपुत्र म्हणाला.

"तू गप रे!" शांताक्का लेकावर डाफरल्या. "श्रीदेवी, मीबी सोडते तुझ्यासंगं. बघू कोण हरतंय."

शांताक्का दोनदा हरल्या. श्रीदेवी हरली नाही. सकाळी हात डबीकडं जाई, तेव्हा ती लवंग तोंडात टाके.

थंडीत ऑपरेशन झालं. पोटाला दवाखान्याचा नवा पट्टा बांधला, त्याचं मला वाईट वाटलं नाही. ते काम त्याचंच होतं. खोकला आला की टाक्यांवर ताण येतो, म्हणून सिस्टरनं माझी जाड घडी श्रीदेवीला पोटाशी धरायला दिली. कित्येक दिवस ती वाकून चालली आणि मी तिच्या हातात होते. जखम सावकाश, पण नीट भरली.

परवा तिनं मला धुऊन अक्कांना परत दिलं. घडीत खारका होत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढंच मी पूर्वी म्हटलं असतं. आता आणखी एक मागते. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर तुम्ही लहान असलात तरी जवळ जाऊन विचारा, "आई, मिश्रीचं सांगितलंस का?"