मल्हारीचा राहिलेला टोला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. हातभर लांबीचा, अंगाला गंज चढलेला, एका टोकाला बोल्टाचं भोक पडलेला. तरीही सेलूच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत लहानथोर सगळे मला घंटा म्हणत. घंटेसारखं माझ्यात काही नव्हतं. पण पितळेची घंटा आणायची ऐपत नसलेल्या माणसांनी मला तो मान दिला, आणि मी तो इमानानं सांभाळला.

माझा जन्म भट्टीतला. पुढं कित्येक वर्षं मी मनमाडच्या दिशेनं जाणाऱ्या लाइनीवर पडून होतो. रूळ कधी एकटा नसतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. समोर त्याचा जोडीदार असतो. आम्ही दोघं एकमेकांना कधी शिवलो नाही, पण गाडी आली की दोघांचं अंग एकदमच थरथरायचं. मग एके दिवशी मला तडा गेला. गँगमनांनी मला कापून बाजूला टाकलं आणि माझ्या जागी नवा रूळ आला. जोडीदाराची आणि माझी ताटातूट झाली ती कायमची. गाडीचा आवाज अजून येतो, पण आता तो मला न विचारताच निघून जातो.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी मल्हारीनं मला तिथून उचललं. मल्हारी मूळचा बोरीकडचा, मेंढपाळाच्या घरचा. ख्रिस्ती झाला म्हणून भावकीनं त्याला तोडलं, तेव्हा तो बायकोला, केवळाबाईला घेऊन सेलूला आला. चार शेळ्या आणि सरकी-कापसाच्या कारखान्यातली मजुरी, यावर दोघांचं चाले. मुकादमाला विचारून त्यानं मला खांद्यावर टाकलं आणि प्रार्थनाघरासमोरच्या कडुलिंबाला जाड तारेनं टांगलं.

"ह्यो आमचा गडी," तो मला थोपटत म्हणाला. "दिसायला काळा, पन आवाज बगा कसा खणखणीत हाय!"

त्या दिवशी मी इतका खूश झालो, काय सांगू! टाकून दिलेल्याला कुणी 'आमचा' म्हटलं की लोखंडालाही पाझर फुटतो.

प्रार्थनाघराचे पाळक होते व्यंकटराव मास्तर. ते आठवडाभर पोरांना अक्षरं शिकवत आणि रविवारी उपदेश करत. त्यांनी माझा रिवाज ठरवून दिला आणि टोले द्यायचं काम मल्हारीकडं सोपवलं. उपासनेला बोलवायचं तर तीन टोले, एक बापाचा, एक पुत्राचा, एक पवित्र आत्म्याचा. आणि वस्तीत कुणी गेलं तर एकच टोला, संथ, हातोडा खाली ठेवून द्यायचा. एकच टोला ऐकला की बायका चुलीवरचं तसंच टाकून बाहेर येत आणि विचारत, कोण गेलं?

तो एकटा टोला मला कधी आवडला नाही. तीन टोल्यांत एकमेकांना सोबत असते. एकटा टोला गावाबाहेरच्या माळापर्यंत जातो आणि तिकडंच विरून जातो. मल्हारीला तो स्वतःच्या लेकीसाठी द्यावा लागला. करुणा तिचं नाव. लय नवसासायासाची, रांगायलाही न लागलेली. मास्तरांनी बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तिच्या डोक्यावर पाणी घातलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. मल्हारीचा हातोडा माझ्या कडेला घसटून गेला. केवळाबाई मास्तरांना एकच विचारत होती, "मास्तर, मला ती तिकडं भेटंल न्हवं?"

"भेटंल, माय," मास्तर म्हणाले. "तिच्यावर नाव पडलंय."

त्या एका शब्दावर केवळाबाई उभी राहिली, मित्रांनो. पुन्हा शेळ्या बघू लागली, पुन्हा चूल पेटवू लागली.

मग सिकंदराबादेकडून एक उपदेशक आले. माणूस गोड बोलणारा, डोळे मिटून तास तास प्रार्थना करणारा. त्यांचं म्हणणं असं, की देव एकच आहे. बाप, पुत्र आणि आत्मा हे काही तिघं नव्हेत, त्या एकाचीच ती रूपं. म्हणून बाप्तिस्मा येशूच्या एकाच नावानं व्हायला पाहिजे. तीन नावं घेऊन झालेला बाप्तिस्मा म्हणजे नुसतं डोकं भिजवणं. ज्यांचा तसा झाला त्यांनी पुन्हा पाण्यात उतरावं.

वस्तीत नुसता गदारोळ उठला. एका रविवारी उपासनेनंतर खिडक्या उघड्या ठेवून वाद झाला, आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला. मल्हारीला उपदेशकांचं पटलं होतं. तो उभा राहून म्हणाला, "मास्तर, मी मेंढरं राखल्याली हायेत. मेंढरं एका हाकंनं येत्यात. तीन मेंढके हाका मारायला लागले, की कळप फुटतोय."

"देव एकच, मल्हारी. हे आमीबी म्हणतो," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण त्या एकातच बाप हाय, पुत्र हाय, आत्मा हाय, आणि त्यांची एकमेकांवर माया हाय. जग नव्हतं तवाबी देव कधी एकटा नव्हता."

हे वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं. धर्मातलं मला काय कळणार? पण एकटं असणं म्हणजे काय, ते मला कळतं. देवसुद्धा एकटा राहत नाही, हे ऐकून मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मास्तरांनी उत्साहानं माझ्याकडं बोट केलं. "ती घंटाच बघा. एक टोला पडतो. त्यातनं आवाज निघतो. मग मागं गुणगुण राहती. तीन की एक? तीनबी आणि एकबी!"

मल्हारीनं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "तर मग मास्तर, एकाच टोल्यात समदं आलं की! तीन कशाला द्यायलाव?"

प्रार्थनाघरात कुणीतरी खुदकन हसलं. आणि मल्हारी? त्यानं ते बोलणं मनाशी घट्ट धरलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्यानं हातोडा घेतला, मला एकच टोला दिला, आणि हातोडा खाली ठेवला.

काय सांगू तुम्हाला! अख्खी वस्ती धावत सुटली. शेजारची बायनाबाई पिठाच्या हातांनी आली. म्हातारी माणसं काठ्या टाकून आली. केवळाबाई शेण भरलेल्या हातांनी, अनवाणी, पदर सुटलेली पळत आली, "कोन गेलं? आवं, कोन गेलं?"

"कोनी न्हाई गेलं," मल्हारी म्हणाला. "उपासनेला बलवायलोय. देव एक, म्हनून टोला एक."

"मेल्या, माझा जीव जायला लागला हुता की रं!" बायनाबाई कडाडली.

केवळाबाई मात्र ओरडली नाही. ती माझ्या खाली मटकन बसली. "ह्या टोल्यानं माझी लेक मातीत घातली," ती म्हणाली. "तुमाला दुसरा टोला गावला न्हाई का?"

मल्हारीचा चेहरा पडला. एकाच टोल्यात त्याला देव दिसला होता, आणि त्याच टोल्यात तिचं लेकरू होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण माणूस हट्टाचा. मास्तर म्हणाले, "तीन दे मल्हारी, नाहीतर हातोडा ठेव." त्यानं हातोडा ठेवला.

संध्याकाळी दोघं नवराबायको माझ्याच खाली बसली. गाडीच्या वाटेवरच्या चुडावा गावात उपदेशकांची नवी मंडळी जमली होती. मल्हारी तिथं जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेणार होता.

"तूबी चल, केवळे."

"मी त्या पान्यात उतरले, तर पयलं पानी खोटं ठरलं. आन् मंग माझी करुणा?" ती म्हणाली. "तिच्यावर पडलं ते निस्तं पानीच व्हतं का? बोला की."

"मला ठावं न्हाई," मल्हारी म्हणाला. "खोटं सांगू कसं?"

"मंग तुमी जावा. मी न्हाई येत. तिला तिकडं कोन वळखंल माझ्याबिगर?"

तो गेला. शेळ्या तिच्याकडं ठेवून, घोंगडं खांद्यावर टाकून, सकाळच्या गाडीनं गेला. त्या गाडीचा आवाज मी फार लांबपर्यंत ऐकत राहिलो.

हातोडा मग केवळाबाईनं घेतला. तीन टोले ती इमानानं देई. पण मला थोपटणारं, माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. वाद मिटला, असं लोक म्हणत. मिटला कसला! दोन घरांत दोन माणसं एकएकटी जेवत होती.

कापसाच्या मोसमात मल्हारी कारखान्यात कामाला येई. रविवारी तो माझ्या खाली बसून राही. आत उपासना चाले, पण तो उंबरा ओलांडत नसे. उपासना संपली की केवळाबाई त्याच्यासमोर फडक्यात बांधलेली भाकर ठेवी.

"जेवलाव का?"

"जेवलो."

तरी तो भाकर खाई. ती समोर बसून बघे. एवढंच बोलणं, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत काही नाही. रुळांच्या जोडीसारखी समोरासमोर बसलेली ती दोघं बघून मला माझ्या जोडीदाराची आठवण येई.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. ऐन उन्हाळ्यात केवळाबाई तापानं गेली. बायनाबाईनं चुडाव्याला सांगावा धाडला. गाडी येईपर्यंत मास्तरांनी माती थांबवली. मल्हारी आला. पार वाकला होता. मास्तरांचेही केस पांढरे झाले होते. त्यांनी स्वतः हातोडा त्याच्या हातात दिला. "तूच दे, मल्हारी. एकच द्यायचा. आज तुझा आणि आमचा रिवाज एकच हाय."

त्यानं टोला दिला. माणसांनी माना खाली घातल्या. मी गुणगुणत होतो, तेवढ्यात त्यानं दुसरा दिला. आणि तिसरा.

"आवं, मयताला एकच असतोय!" बायनाबाई म्हणाली.

"कळतंय मला," मल्हारी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "माझ्यापुरता देव आजबी एकच हाय, मास्तर. त्ये मी बदललं न्हाई. पन ही तिघांच्या नावानं जगली. माझी लेकबी त्याच नावानं गेली. माझ्या एका टोल्यापायी ह्या दोघींची चुकामूक नगं. पडू द्या गाठ."

मास्तरांनी मल्हारीचा हात धरला, आणि मातीपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर मल्हारी सेलूला आला नाही. पुढच्याच वर्षी प्रार्थनाघराला पितळेची खरीखुरी घंटा आली, दोर ओढून वाजणारी. मला खाली उतरवलं. मास्तरांची बदली झाली. मल्हारी चुडाव्याला वारला, ही बातमीही दोन महिन्यांनी कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितली. तिकडच्या मंडळीत टोल्याचा रिवाज नव्हता, आणि इकडं मल्हारी आता कुणाचाच नव्हता. ज्यानं एवढ्या जणांसाठी मला वाजवलं, तो मुकाट्यानं गेला.

आता मी कडुलिंबाच्या बुंध्याशी पडून आहे. पाला पडतो, मुंग्या फिरतात. माझी तक्रार नाही, लोखंडानं तक्रार करू नये. वादही खुशाल घाला, मित्रांनो, देवाबद्दल माणूस भांडणार नाही तर कशाबद्दल भांडणार? फक्त भांडताना समोरच्याचं मेलेलं लेकरू कुठं आहे, तेवढं आधी बघा. आणि कधी सेलूला आलात, तर या झाडाखाली या. घासायला नको, रंगवायला नको, टांगायलाही नको. हाताला येईल तो दगड घ्या आणि मला एक टोला द्या.

एकच द्या. मल्हारीचा तेवढा राहिलाय.