ताईच्या गालांचा रंग

मेलेल्या माणसांवर माझं पोट चालतं. घरचे लोक फोटो आणून देतात, मी तैलरंगात चेहरा काढतो. त्यात डोकं लागत नाही. गुलाबी कातडी, मऊ ब्रशनं सगळं घोटून सपाट, कुठे फटकारा दिसता कामा नये. रडणाऱ्यांना सुरकुती चालत नाही. जिवंत माणूस समोर बसला की गोष्ट वेगळी. त्याच्या कातडीखाली आधी हिरवट थर देतो, वरून लाल-पिवळ्याचे जाड, तुटक फटकारे. तेव्हा कुठे चेहऱ्यात रक्त खेळतं.

हे माझ्या थोरल्या बहिणीला तोंडपाठ. लग्नाआधी दहा वर्षं माझे रंग तीच कालवायची.

ताईचा आजार बरा होणारा नव्हता. डॉक्टरांनी ते फक्त दाजींना आणि मला सांगितलं. "तिला कळता कामा नये, हाय खाईल," दाजी म्हणाले. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. ताईची लेक बापाशी भांडून दूर गेलेली, तिचं बाळ ताईनं अजून पाहिलं नव्हतं. ताईनं तिकडे जायचं नाव काढलं की आम्ही दोघं एका सुरात म्हणायचो, "आधी बरी हो, मग जा."

मग दाजींनी टूम काढली. "हिचं चित्र काढ. टवटवीत दिसू दे, बघून उभारी येईल."

आठवडाभर ती उशीला टेकून समोर बसली. मी तिच्याकडे फारसं बघितलंच नाही. बघवत नव्हतं.

चित्र दाखवलं तेव्हा तिनं चेहरा अगदी कॅनव्हासजवळ नेला.

"हिरवं लावलं नाहीस."

"तरुण दाखवलंय तुला."

"मेलेली दाखवलीयस, गाढवा. मी समोर बसले होते ना? मग हे फोटोवरून काढल्यासारखं का?"

माझं डोकं फिरलं. चूक माझी, आणि राग तिच्यावर! "मग कशी काढू? हळदीसारखी पिवळी पडलीयस! डॉक्टर आता महिनासुद्धा देत नाहीत तुला!"

दारात आलेले दाजी तिथूनच मागे फिरले.

ताई रडली नाही. "कधीपासून माहीत आहे?"

"चार महिने."

"दोघांना?"

मी पुन्हा मान डोलावली. तिनं चादर बाजूला सारून आपल्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"चार महिन्यांपूर्वी मला जिना उतरता येत होता रे," ती म्हणाली. "लेकीकडे जाऊन बाळाला मांडीवर घेतलं असतं."