हकाबापाचा नेम

रणात, म्हणजे खाऱ्या ओसाड वाळवंटात, शेजार म्हणजे तासाभराची चाल. शेजारच्या मिठाच्या आगरावरची झोपडी काळ्या ठिपक्याएवढी दिसते आणि ऊन चढलं की तो ठिपकाही थरथरत नाहीसा होतो. हाक पोचत नाही, फोनला रेंज नाही. म्हणून मीठ पिकवणारी माणसं आरशाने बोलतात. ज्याच्या तोंडावर सूर्य, त्याने आरसा धरायचा. दोनदा चमकवला म्हणजे सगळं ठीक. धरूनच ठेवला म्हणजे असाल तसे धावत या.

उजीचं आगर पूर्वेला आणि म्हाताऱ्या हकाबापाचं पश्चिमेला, त्यामुळे सकाळ हकाबापाची आणि संध्याकाळ उजीची. म्हाताऱ्याचा चमकारा कधी सरळ यायचा नाही. आधी डावीकडे ओसाड रणात भटकायचा, मग उजवीकडे, आणि मग कधीतरी उजीच्या झोपडीवर यायचा. बापा सकाळीसकाळीच चढवतो की काय, असं तिचा नवरा सवशी पूर्वी हसून म्हणायचा. आता तो हसत नव्हता आणि बोलतही नव्हता.

गेल्या हिवाळ्यात त्यांची पोर कंकू तापाने फणफणली. सवशी गावात गेला होता. हकाबापाकडे तेव्हा ट्रॅक्टर होता, दोन जवान मुलगे होते. मुलगे दिवसभर विहिरीवर राबायचे, म्हणून संध्याकाळी पूर्वेकडे नजर ठेवायचं काम बापाचं. उजीने पोरीला मांडीवर घेऊन आरसा धरला आणि सूर्य बुडेपर्यंत धरून ठेवला. कुणी आलं नाही. पहाटे कंकू गेली. आपला हात हलला असेल, आपलाच नेम चुकला असेल, हे उजीने मनाशी पक्कं केलं आणि वर्षभर त्या हाताला शिव्या घातल्या.

यंदा मीठ धरत आलं होतं आणि अवकाळी पाऊस झाला. पांढरं आगर दोन दिवसांत चिखल होऊन बसलं. सवशी टाइल्सच्या कारखान्यात कामाला निघून गेला. झोपडी आणि पंप राखायला उजी एकटी राहिली. भाकरी थापायचा कंटाळा, केस विंचरायचा कंटाळा, श्वास घ्यायचासुद्धा कंटाळा. तिने स्वतःशी एक ठरवून टाकलं होतं. सकाळी बापाचा चमकारा आला की उठायचं. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी उठायचं नाही. मग जे व्हायचं ते होईल.

आणि एके दिवशी तो आला नाही. ती दारात गोधडीवर पडून वाट बघत राहिली. आकाश स्वच्छ होतं, सूर्य हातभर वर आला. झालं, सुटले, असं तिला वाटलं आणि तिने डोळे मिटले. पण डोळे मिटूनही म्हातारा काही मनातून जाईना. पडला असेल का? पाणी संपलं असेल का? मेल्या, मरायचंच होतं तर उद्या मरायचंस, असं पुटपुटत ती उठली. पाण्याचा कॅन डोक्यावर घेतला आणि चिखल तुडवत निघाली.

हकाबापा दारात धडधाकट बसला होता. आरसा बाजूला पालथा पडला होता. ती अगदी समोर जाऊन उभी राहिली तरी त्याने विचारलं, "कोण आहे?"

"मी उजी. समोर तर उभी आहे."

"असशील बाई. मला कुठे दिसतंय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन हिवाळे झाले, त्याला उजेड तेवढा कळत होता, बाकी सगळं धुकं. मुलांना सांगितलं असतं तर त्यांनी आगरावरून उठवून गावातल्या खोलीत नेऊन टाकलं असतं, म्हणून तो गप्प राहिला. मीठ गेल्यावर मुलगेही कामाला गेले. तोंडावर ऊन लागलं की त्या अंदाजाने तो आरसा धरायचा आणि इकडेतिकडे हलवायचा, कुठेतरी लागेल म्हणून. "आज वाटलं, कुणाला दाखवतोय मी? कुणी बघतंय का? राहू दे," तो म्हणाला.

दोन हिवाळे. उजीच्या डोक्यात ते घणासारखं बसलं. म्हणजे हात हलला नव्हता. नेम चुकला नव्हता. म्हाताऱ्याने एक शब्द वेळेवर सांगितला असता तर पोरगी आज चिखलात खेळत असती. तिला राग आला, असा की त्याचे खांदे धरून गदगदा हलवावं. तेवढ्यात तोच बोलला.

"उजी, एक विचारू? वर्षभर हिंमत झाली नाही." त्याने तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "कंकूच्या वेळी तू आरसा धरला होतास का?"

त्या संध्याकाळी आकाशात बोटभरही ढग नव्हता. उजीने त्याच्या पांढुरक्या बुबुळांकडे पाहिलं. ही आंधळी बुबुळं इतके दिवस रोज तिला उठवत आली होती, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

"नाही, बापा," ती म्हणाली. "ढग होते त्या दिवशी. कसला धरतेय आरसा?"

म्हाताऱ्याने श्वास सोडला. उजीने चूल पेटवली, काळा चहा केला, त्याच्या हातात बशी दिली. पोरगी परत येणार नव्हती, मीठ येणार नव्हतं, बापाचे डोळे येणार नव्हते. चहा तेवढा गरम होता.

चहा पिऊन झाल्यावर त्याने आरसा चाचपडत उचलला.

"पण माझा लागायचा का गं नेम? खरं सांग. जा, लांब उभी राहा, आत्ता बघू."

ती चालत गेली आणि वळली. बापाने तोंडावर ऊन घेतलं आणि आरसा धरला. उजेडाचा तुकडा तिच्यापासून पुष्कळ डावीकडे, चिखलात जाऊन पडला. त्याने या वेळी आरसा हलवला नाही. एका जागी घट्ट धरून तो वाट बघत राहिला.

उजीने लुगडं वर खोचलं. आवाज न करता ती घोटाभर चिखलातून डावीकडे गेली आणि त्या उजेडात उभी राहिली.

"लागला का?" त्याने ओरडून विचारलं.

"डोळ्यांतच लागला, बापा," ती म्हणाली. "उद्याही दाखव."